बांधाला बांध, तरी चुलत्यांना जास्त अन् वडिलांना कमी: अतिवृष्टीच्या मदतीचा आकडा ठरतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. धाराशिव जिल्ह्यात सीना नदीच्या काठी गाव. वडील आणि चुलते यांच्या वाटणीला सारखीच जमीन, 2 हेक्टर 40 आर, म्हणजे सहा एकर. दोघांचंही सोयाबीन सप्टेंबर 2025 च्या पुरात गेलं. चुलत्यांच्या खात्यावर आधी 17,000, नंतर 3,400 आणि रब्बीसाठी म्हणून 24,000 जमा झाले. वडिलांना 11,050 आणि 13,000 मिळाले. शेजारचं रान बटईनं करणाऱ्याला एक रुपया नाही. विचारणारे स्वतः चाकणला नोकरीला आहेत आणि त्यांचा सरळ सवाल आहे: पाऊस एक, नदी एक, मग मध्ये कुणी हात मारला का?

मी महसुलात 31 वर्षं काढली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून बाहेर पडलो. किती पंचनाम्यांवर सह्या केल्या त्याचा हिशेब ठेवला नाही. हात मारणारे नसतातच असं म्हणणार नाही. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगी भागातला अनुदान घोटाळा अख्ख्या महाराष्ट्रानं वाचला. पण तुमच्या वडिलांच्या आकड्यात मला चोरी दिसत नाही, एक राहून गेलेला गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा, दिसतो. का, ते सांगतो.

आधी रकमेला दरानं भागा. कुणीही आपली रक्कम घेऊन तक्रार करत आला की मी पहिलं हेच करायचो. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 हा 2025 चा दर. 11,050 भागिले 8,500, उत्तर 1.30. रब्बीचे 13,000 हेक्टरी 10,000 नं भागा, पुन्हा 1.30. दोन्ही रकमा एकाच क्षेत्रावर आल्यात, म्हणजे संगणकात वडिलांच्या नावापुढे 1 हेक्टर 30 आर एवढंच बाधित क्षेत्र लिहिलंय. चुलत्यांचे 17,000 म्हणजे दोन हेक्टर आणि 3,400 म्हणजे वरचे 40 आर. त्यांची पूर्ण जमीन यादीत आली, वडिलांची 1 हेक्टर 10 आर आलीच नाही. दर दोघांना एकच लागलाय. मधे कुणी पैसे कापून घेतले असते तर आकडा असा दोन्हीकडे तंतोतंत बसला नसता.

आता ते 1 हेक्टर 10 आर कुठं गेलं? तुम्ही लिहिलंय की वडिलांचे दोन गट आहेत आणि दुसरा 'नदीच्या पल्याड'. माझा पहिला संशय तिथंच. परांडा तालुक्याच्या त्या पट्ट्यात सीना ही नुसती नदी नाही, बऱ्याच ठिकाणी ती जिल्ह्याची हद्द आहे. अलीकडे धाराशिव, पलीकडे सोलापूर जिल्ह्यातले करमाळा-माढा. गट पलीकडच्या शिवारात असेल तर तो दुसऱ्या गावाच्या सातबाऱ्यात, दुसऱ्या तालुक्याच्या यादीत. तुमच्या गावचा तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तोंडात अजून तलाठीच बसलंय) त्या गटाचा पंचनामा करूच शकत नाही. आणि पलीकडच्या तलाठ्याला वडील कोण, राहतात कुठं, हे माहीत नसतं. पुराच्या गडबडीत 'बाहेरगावचा खातेदार' हा सगळ्यात आधी सुटतो. माझ्याकडूनही सुटलेत.

गट अलीकडचाच निघाला तर तीन गोष्टी बघा. पहिली, तो गट अजून आजोबांच्या नावावर तर नाही ना? वाटणी तोंडी झाली, वहिवाट वडिलांची, पण वारसाचा फेरफार राहिलेला, असं गावोगाव आहे. मेलेल्या माणसाचं ना आधार लागतं, ना ई-केवायसी (अंगठा लावून ओळख पटवणं) होते. यादीत नाव असूनही पैसे पडून राहतात. दुसरी, सामाईक खातं. तीन भावांची नावं एका सातबाऱ्यावर असतील तर इतरांच्या संमतीचा कागद लागतो, नाहीतर क्षेत्र वाटून लावलं जातं किंवा बाजूला ठेवलं जातं. तिसरी, ई-पीक पाहणी, म्हणजे कोणत्या गटात काय पेरलंय याची मोबाइलवरची नोंद. वडिलांनी मोबाइलवर एकाच गटाची नोंद केली असेल आणि दुसऱ्यात सोयाबीनची नोंदच नसेल, तर कागदावर तो गट पडीक दिसतो. ई-पीक पाहणी नाही म्हणून मदत नाकारलीच पाहिजे असं नाही, शेतात उभं राहून केलेला पंचनामा त्याहून मोठा. पण दोन-तीन गावांचा पदभार एकाच्या गळ्यात असताना यादी भरणाऱ्याचा हात आधी नोंदीकडे जातो.

पंचनामा म्हणजे नेमकं काय होतं हे शहरात बसून कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नियमानं तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (या दोघांचीही नावं आता बदललीत) असे तिघं मिळून गटात जातात, शेतकऱ्यासमोर पाहणी करतात, दोन पंचांच्या सह्या घेतात. 2014 ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. फेब्रुवारी-मार्च, ज्वारी हुरड्यातून पुढं गेलेली, हरभरा घाट्यावर. तेव्हा नियम 50 टक्क्यांचा होता: निम्म्याहून जास्त पीक गेलं तरच मदत. माझ्याकडच्या एका गावात एक म्हातारी हरभऱ्याच्या रानात माझी वाट बघत उभी होती. तिनं एका सरीतली झाडं उपटून दोन ढिगांत मांडून ठेवली होती. एका ढिगात फुटलेले घाटे, दुसऱ्यात धड. म्हणाली, "मोज साहेब, तूच मोज." ढीग जवळजवळ सारखेच होते. मी 55 लिहिलं. बांधापलीकडं तिच्या पुतण्याचं रान जरा आडोशाला होतं, तिथं कृषी सहायकानं 45 लिहिलं होतं. तिला मदत आली, पुतण्याला नाही. पुढं वर्षभर तो मला रामराम घालत नव्हता, आणि त्याचं चुकत होतं असं मला वाटत नाही.

2015 मध्ये ही अट 50 वरून 33 टक्क्यांवर आली. फार चांगलं झालं. पण लोकांचा एक गैरसमज तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. टक्केवारी ही मोजपट्टी नाही, उंबरा आहे. उंबऱ्याच्या आत आलात की 34 टक्के गेलेल्यालाही हेक्टरी 8,500 आणि शंभर टक्के गेलेल्यालाही 8,500. बाहेर राहिलात तर शून्य. त्यामुळे 'माझं पूर्ण गेलं, त्याचं निम्मंच गेलं, तरी दोघांना सारखे कसे?' ही तक्रार घेऊन तहसीलला गेलात तर हात हलवत परत याल.

मुळात या पैशाला आपण सगळे नुकसानभरपाई म्हणतो, शासन मात्र तसं कधीच म्हणत नाही. शासन निर्णय काढून वाचा. त्यात शब्द आहे 'निविष्ठा अनुदान', पुढच्या हंगामात बी-खताला हातभार म्हणून, आणि 'एका हंगामात एक वेळ'. या शेवटच्या चार शब्दांनी किती भांडणं लावलीत! मराठवाड्यात 2025 मध्ये काही महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे काही गावांचा समूह) ऑगस्टमध्येच पीक गेलं होतं. ज्याचा त्याच वेळी पंचनामा होऊन त्या गटाचे पैसे आले, त्याला सप्टेंबरच्या पुराचे त्याच गटावर पुन्हा मिळत नाहीत. वडिलांच्या पासबुकात ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास एखादी जुनी जमा आहे का तेही बघा. म्हातारी माणसं मोबाइलवरचा मेसेज वाचत नाहीत.

8,500 म्हणजे किती? आरला, म्हणजे साधारण गुंठ्याला, 85 रुपये. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 आहे, म्हणजे हेक्टरभर रानाच्या बदल्यात पावणेदोन क्विंटलसुद्धा नाही. पेरणीचा खर्चही यात निघत नाही हे मी नोकरीत असताना उघड बोलू शकत नव्हतो, आता बोलतो.

हा दर आला कुठून? केंद्राच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतून. आपल्यासारख्या राज्यांना त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. कोरडवाहू 8,500, बागायत 17,000, फळबागांसारखी बहुवार्षिक पिकं 22,500, आणि मर्यादा दोन हेक्टर. याच्या वर राज्याला द्यायचं असेल तर स्वतःच्या तिजोरीतून. म्हणून महाराष्ट्रात दर वर्षी आकडा वेगळा दिसतो. 2019 मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी हेक्टरी 8,000 आणि फळबागांना 18,000 जाहीर केले. 2020 मध्ये शेतीपिकाला 10,000 आणि फळपिकाला 25,000. 2021 मध्ये कोरडवाहू 10,000, बागायत 15,000, बहुवार्षिक 25,000. 2022 मध्ये तर एकदम 13,600, 27,000 आणि 36,000, तेही तीन हेक्टरपर्यंत. मग मधे जुन्या दरावर, 2024 ला पुन्हा वाढीव, आणि मे 2025 मध्ये परत 8,500 आणि दोन हेक्टर. म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. पारावर बसून 'तवा तर तेरा हजार सहाशे मिळाले होते' असं म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या डोक्यात दुसऱ्या वर्षाचा शासन निर्णय असतो.

7 ऑक्टोबर 2025 ला मुख्यमंत्र्यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात मर्यादा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी 10,000 वेगळे धरले. टीव्हीवर कोरडवाहूला '18,500' असा आकडा फिरला तो या दोघांची बेरीज. चुलत्यांना पैसे तीन हप्त्यांत का आले हे आता कळलं असेल. पहिले दोन हेक्टर जुन्या मर्यादेत, वरचे 40 आर वाढीव मर्यादेत, आणि रब्बीचे निराळे. तीन वेगळे आदेश, तीन वेगळ्या जमा. गावात मात्र बातमी अशी पसरते की अमक्याला तीनदा पैसे आले!

पावसाच्या आकड्याचंही थोडं सांगतो, कारण पुढच्या खेपेला लागेल. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस. तो मोजणारं यंत्र मंडळात एका ठिकाणी, पाऊस मात्र शिवाराशिवारात वेगळा. यंत्रावर 58 आणि तुमच्या रानात ढगफुटी, असंही होतं. 2023 पासून राज्यानं 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती धरली, त्यामुळे रोज थोडाथोडा पडून पीक सडवणाऱ्या पावसाला दार उघडलं. 2025 च्या पॅकेजमध्ये तर 65 मिलिमीटरची अट बाजूला ठेवून नुकसान बघायचं ठरलं. तुमच्या बाबतीत नदीच घरात आली होती, तेव्हा पावसाच्या आकड्यावरून अडायचं कारण नाही.

पैसे निघाल्यानंतरच्या वाटेवर मात्र खूप अडकतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला याद्या हातानं लिहायच्या, तहसीलदारांचा धनादेश जिल्हा बँकेत जायचा आणि बँकेपुढं चपलांच्या रांगा लागायच्या. बँकेत रोकड नसली की शिव्या तलाठ्याला. 2023 पासून यादी ऑनलाइन भरली जाते, तहसीलदार ती मंजूर करतात, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, गावात यादी लागते, सेवा केंद्रावर अंगठा लावून ई-केवायसी करायची आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात. आता शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली, ते बरं झालं. घासून गेलेल्या बोटांचा ठसा यंत्राला लागत नाही म्हणून चार-चार हेलपाटे घातलेली माणसं मी पाहिलीत.

'आधारला जोडलेलं खातं' यात गोम आहे. पैसे तुम्ही तलाठ्याला दिलेल्या पासबुकात येत नाहीत. सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं गेलं तिथं जातात. कुणीतरी सिमकार्ड घेताना मोबाइलवाल्या कंपनीचं खातं उघडून दिलेलं असतं आणि शेतकऱ्याला पत्ताच नसतो. आमच्या गावात एकाचे 2024 चे पैसे असेच आठ महिने दुसऱ्या खात्यात पडून होते, आणि हा रोज मध्यवर्ती बँकेत जाऊन कॅशियरशी भांडायचा. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, दोन मिनिटांचं काम आहे. नावाचाही घोळ असतो. सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा' आणि आधारवर 'ज्ञानेश्वर' असेल तर माणूस एकच आहे हे गावाला माहीत असतं, संगणकाला नाही. आणि बँकेनं ही रक्कम पीककर्जात वळती केली असेल तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. मदतीच्या पैशातून कर्जवसुली करू नये असं प्रत्येक शासन निर्णयात लिहिलेलं असतं, ते वाक्य अर्जात उतरवून काढा.

पीकविम्याचं एका ओळीत. तो वेगळा, ही मदत वेगळी, एक मिळाला म्हणून दुसरं थांबत नाही. पण एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपात बंद झाला आणि त्या हंगामाची भरपाई पीककापणी प्रयोगातल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरच ठरते, तेव्हा वैयक्तिक नुकसानीचा फोटो तिथं चालत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नदीकाठचा गट म्हणून विचारतो: माती वाहून गेलीय का? पीक जाणं आणि जमीन खरडणं या दोन वेगळ्या मदती आहेत. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000, आणि पॅकेजमध्ये त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम धरलंय. त्यातला रोजगार हमीचा भाग हातात रोख येत नाही. गाळ साचला असेल तर त्याचा दर वेगळा, हेक्टरी 18,000. 47,000 आणि 18,000 हे दोन्ही दर केंद्राच्या निकषात अल्प-अत्यल्प भूधारकांसाठी, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतवाल्यांसाठी आहेत. वडिलांची एकूण जमीन 2.40 आहे, इथं अडचण येऊ शकते, विचारून घ्या. विहीर गाळानं भरली किंवा ढासळली असेल तर पॅकेजमध्ये विहिरीमागे 30,000 आहेत. पण पिकाच्या पंचनाम्यात विहिरीचा उल्लेख नसेल तर विहीर गेलीच नाही असं धरलं जातं. विहिरीचा पंचनामा वेगळा मागावा लागतो, मागणारेच कमी.

राहिला तुमचा बटईवाला शेजारी. त्याला मदत न मिळणं ही कुणाची चूक नाही, ही रचनाच तशी आहे. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. बटईचा करार आपल्याकडं तोंडी असतो, कारण लिहून दिलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल, ही भीती मालकाच्या मनात आजोबांच्या काळापासून बसलेली. मग बी त्याचं, फवारणी त्याची, घाम त्याचा आणि अनुदान पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. काही मालक निम्मे आणून देतात, काही फोन उचलत नाहीत. मी तलाठी असताना मालकाला चावडीत बोलावून चहा पाजून समजावायचो, त्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं. तो मालक तुमच्या ओळखीचा असेल तर तेवढं तुम्हीच करा.

आता वडिलांचं काम. दोन्ही गटांचे ताजे डिजिटल सातबारे आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. दुसरा गट ज्या गावात आहे त्या गावच्या ग्रामपंचायतीत लागलेली यादी बघा, नाव नसेल तर त्या तालुक्याच्या तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहा. अर्जात 'मदत कमी मिळाली' असं लिहू नका, त्याला उत्तर 'नियमाप्रमाणे' एवढंच येतं. 'गट क्रमांक अमुक, क्षेत्र 1 हेक्टर 10 आर, पीक सोयाबीन, हा गट बाधित यादीत समाविष्ट नाही, पंचनाम्याची प्रत मिळावी आणि गट पुरवणी यादीत घ्यावा' असं लिहा. पुराच्या दिवसातले मोबाइलमधले फोटो जोडा, तारखेसकट. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्या गटाचा पंचनामा मागा. पंचनामा झालाच नसेल तर तेच लेखी उत्तर हातात येतं, आणि ते घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात जाता येतं. हे सगळं चाकणहून फोनवर होत नाही. एक दिवस रजा टाकून वडिलांना बरोबर घेऊन जा, आणि त्यांचा अंगठा नेहमीच्या यंत्रावर उमटत नसेल तर डोळ्यावरून ओळख पटवणाऱ्या यंत्राचं सेवा केंद्र कुठं आहे ते आधी विचारून ठेवा.